दुर्गंधाचा सांगावा

पावसाळी रानाच्या वासावर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं आहे. पहिल्या पावसानं भिजलेली माती, केवडा, सोनचाफा, ओलं गवत यांची वर्णनं शाळेच्या निबंधापासून दिवाळी अंकापर्यंत सगळीकडे सापडतात. पण श्रावणात कोकणातल्या किंवा घाटमाथ्यावरच्या दाट झाडीत ज्यांनी खरोखर पायपीट केली आहे, त्यांना आणखी एक वास ठाऊक असतो. पायवाटेनं चालता चालता तो एकदम नाकाला झोंबतो. सडक्या मांसासारखा, मेलेल्या उंदरासारखा. आपण नाकाला रुमाल लावतो, ‘काहीतरी मेलंय वाटतं’ असं पुटपुटतो आणि पाय उचलतो. पुष्कळदा तिथं खरंच काहीतरी मेलेलं असतं. पण कधी कधी तिथं मेलेलं काहीच नसतं. तिथं उभी असते त्याच सकाळी जमिनीतून वर आलेली, ताजी टवटवीत आणि पाहिली तर नजर हटू नये अशी एक अळंबी.

तिची माझी पहिली भेट झाली ती आंबोली घाटाच्या पायथ्याशी, माझ्या मावशीच्या घरी. घरामागे माणग्याचं, म्हणजे तिथल्या बांबूचं, जुनं बेट आहे. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी तिथं पोचलो तेव्हा घरात उंदराची शोधमोहीम चालली होती. आदल्या दिवसापासून मागच्या पडवीत घाण सुटली होती. मावशीनं भाताची पोती हलवली होती, लाकडं उपसली होती, माळ्यावर माणूस चढवला होता. ‘खंयतरी उंदीर मेलो आसा’ हे तिचं ठाम मत. उंदीर काही सापडेना. शेवटी शेजारचा शाळकरी मुलगा बेटाकडून ओरडत आला, ‘गे मावशे, हंयसर बघ. उंदीर नाय, वेगळाच कायतरी आसा!’

सगळे तिकडे धावले. बांबूच्या मुळाशी साचलेल्या पातेऱ्यातून वीतभर उंचीचा एक पांढरा दांडा वर आला होता. त्याच्या डोक्यावर घंटेच्या आकाराची छोटी टोपी, आणि टोपीखालून थेट जमिनीपर्यंत उतरलेली पांढरीशुभ्र जाळी. क्रोशाच्या सुईनं कुणी निगुतीनं विणावी तशी. लहानशा मुलीचा परकर वाटावा असा तिचा घेर. टोपीवर मात्र काळपट हिरव्या रंगाचा ओलसर, चिकट लेप होता आणि सगळी घाण तिथूनच येत होती. लेपावर माश्यांची झुंबड उडाली होती.

गडीमाणसानं कोयता आणला. परसात नातवंडं खेळतात, गाय चरते, तेव्हा ही पीडा उपटून पातेऱ्यासकट जाळून टाकावी असं सर्वानुमते ठरत होतं. मी म्हटलं, ‘मावशी, ही संध्याकाळपर्यंत आपोआप कोसळेल. मुलांना आणि गाईला तेवढं लांब ठेव. आजचा दिवस राहू दे.’ तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं. पुण्यामुंबईकडच्या माणसांना काय काय आवडतं कोण जाणे, असा भाव चेहऱ्यावर होता. पण ‘मगे ऱ्हवांदे सांजपर्यंत’ म्हणून तिनं कोयता परत पाठवला. त्या दिवशी मी नाकाला पंचा बांधून बेटाजवळ बसून होतो. दुपारपर्यंत माश्यांनी तो लेप चाटूनपुसून साफ केला. खालची टोपी मधाच्या पोळ्यासारख्या खाचाखाचांची आणि पांढरी निघाली. वास जवळजवळ गेला. संध्याकाळी दांडा मोडून पडला, जाळी चिखलात लोळली आणि खेळ संपला.

या अळंबीचं शास्त्रीय नाव फॅलस इंडुसिएटस. १७९८ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ व्हाँतना यानं दक्षिण अमेरिकेतल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. इंडुसिएटस म्हणजे झगा ल्यालेली. आशिया, आफ्रिका, अमेरिका आणि ऑस्ट्रेलिया या खंडांच्या उष्ण भागांत ती उगवते. आपल्या सह्याद्रीच्या ओल्या जंगलांतही ती आहे आणि बांबूच्या बेटांशी तिचं विशेष सख्य आहे. तिची बिनजाळीची बहीण फॅलस इम्पुडिकस युरोपच्या जंगलांत सर्रास आढळते. या घराण्यात तांबड्या बोटांसारख्या फांद्या पसरणाऱ्या आहेत, पिंजऱ्यासारख्या पोकळ आहेत. रूपं निराळी, पण दुर्गंधी हा सगळ्यांचा घरंदाज वारसा.

तिचं जमिनीवर येणंही पाहण्यासारखं असतं. आधी पाचोळ्यात कोंबडीच्या अंड्यासारखा मऊ, पांढुरका गोळा दिसू लागतो. तो कापला तर आत जेलीचा जाड थर आणि मधोमध घडी घालून ठेवलेली अख्खी अळंबी सापडते. दांडा, टोपी, जाळी सगळं तयार, फक्त दाबून बसवलेलं. वेळ आली की अंडं फुटतं आणि दांडा सरळ होऊ लागतो. हार्मोनियमचा भाता उघडावा तशा त्याच्या आतल्या चुण्या उलगडतात. नव्यानं वाढण्याचं काम फारसं उरलेलंच नसतं, म्हणून एवढी घाई जमते. युरोपातली बहीण तासाला दहा-पंधरा सेंटिमीटर या वेगानं वर येऊ शकते. लागणारं पाणी अंड्यातल्या जेलीनं आधीच साठवलेलं असतं. या मऊ, स्पंजासारख्या दांड्यात जोर इतका की डांबरी रस्त्याचा थर फोडून तो वर आल्याची उदाहरणं आहेत.

आता मुख्य प्रश्न. इतकी देखणी जाळी विणणाऱ्या जिवाला घाण सोडायची गरज काय?

अळंबी म्हणजे बुरशीचं फळ. खरी बुरशी जमिनीखाली असते. पांढऱ्या सुतासारख्या तंतूंचं तिचं जाळं पाचोळ्यात आणि कुजक्या लाकडात महिनोन्महिने पसरत असतं. आपल्याला दिसतं ते फक्त बी पेरण्यासाठी वर आलेलं अवजार. या बियांना बीजाणू म्हणतात. जाळीवाल्या अळंबीचा एक बीजाणू लांबीला दोन-तीन सहस्रांश मिलिमीटर, म्हणजे तीन-चारशे बीजाणू एका रांगेत ठेवले तेव्हा कुठं एक मिलिमीटर भरेल. हे बीजाणू नव्या जागी पोचवणं हेच अळंबीचं आयुष्यातलं एकमेव काम.

आपल्या ओळखीच्या छत्रीवाल्या अळंब्या हे काम वाऱ्यावर सोपवतात. छत्रीच्या खालच्या पाकळ्यांतून कोट्यवधी बीजाणू धुरासारखे खाली झिरपतात आणि झुळूक त्यांना घेऊन जाते. माळरानावर हे ठीक आहे. पण दाट झाडीच्या तळाशी, बांबूच्या बेटाच्या आत, पावसाळ्यात हवा किती हलते? तिथं हवा कोंदट आणि ओली असते. या घराण्यानं वाऱ्याची वाट पाहणं सोडून दिलं आहे. त्याचे बीजाणू हवेत उडतच नाहीत. ते चिकट लेपात कालवलेले असतात. लेप आपल्या पायांनी चालत नाही, तेव्हा वाहक हवा. आणि जंगलाच्या तळाशी हक्कानं फिरणारा, लांबवर जाणारा, भुकेला वाहक म्हणजे माशी.

माशीला बोलवायचं तर माशीच्या भाषेत बोलावं लागतं. गुलाबाच्या अत्तरानं हिरवी-निळी मांसमाशी येत नाही. तिला हवा असतो कुजलेल्या मांसाचा निरोप. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोपातल्या अळंबीच्या वासाचं पृथक्करण झालं, तेव्हा त्यात डायमिथिल डायसल्फाइड आणि डायमिथिल ट्रायसल्फाइड ही गंधकयुक्त द्रव्यं निघाली. मांस सडताना नेमकी हीच द्रव्यं हवेत पसरतात. गंमत अशी की लसूण किंवा शिजणारी कोबी यांच्या वासातही ती थोड्या प्रमाणात असतात. म्हणजे आपल्या स्वयंपाकघराला ती अगदीच परकी नाहीत. प्रमाण बदललं की नाक आपलं मत बदलतं, एवढंच.

या अळंबीत कुजलेलं असं काहीही नसतं. तो वास तिनं मुद्दाम तयार केलेला सांगावा असतो. तो ऐकून माशी येते, लेपावर बसते आणि खाऊ लागते. लेपात साखर असते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोजसारखी. पोट भरेपर्यंत माशी ती चाटते आणि साखरेबरोबर बीजाणूही गिळते. काही तिच्या पायांना आणि अंगाला चिकटतात. मग ती उडून जाते आणि पुढं कुठंतरी विष्ठा टाकते. त्या ठिपक्यात बीजाणू शाबूत असतात.

हा व्यवहार नीट तपासून मांडला तो टी. डब्ल्यू. फुल्टन या अभ्यासकानं, १८८९ मध्ये. फुलं जशी रंग, गंध आणि मध दाखवून कीटक बोलावतात तशाच या अळंब्या बोलावतात, हे त्यानं दाखवलं आणि माश्यांच्या विष्ठेतले बीजाणूही तपासले. पुढं १९९८ मध्ये जपानमध्ये जाळीवाल्या अळंब्यांवर असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातले आकडे थक्क करणारे आहेत. फळांवर घोंगावणाऱ्या चिलटाएवढ्या माशीच्या पोटातून सुमारे २ लाख ४० हजार, तर मोठ्या माशीच्या पोटातून १७ लाखांपर्यंत बीजाणूंची वाहतूक होऊ शकते. मावशीच्या बेटात त्या सकाळी एका वेळी वीस-पंचवीस माश्या तरी होत्याच. हिशेब वाचकांनीच करावा.

जाळी कशासाठी, यावर मात्र अभ्यासकांनी वेगवेगळे तर्क मांडले आहेत. अंधाऱ्या झाडीत पांढरी जाळी दुरून कीटकांच्या नजरेत भरत असावी, हा एक. ज्यांना उडता येत नाही अशा किड्यांना टोपीपर्यंत चढायला ती शिडीसारखी उपयोगी पडत असावी, हा दुसरा. मी बसलो होतो तेव्हा दोन मुंग्या आणि एक छोटा भुंगेरा जाळीवरूनच वर गेले, एवढी माझी साक्ष.

सडक्या वासानं माश्या बोलावणारी ही एकटीच नाही. पावसाच्या तोंडावर कोकणात शेवळं विकायला येतात. ज्यांच्या घरी काकडं घालून शेवळाची भाजी होते त्यांना ती खाज काढण्याची यातायात ठाऊकच आहे. बाजारात आपण आणतो तो न उमललेला कोंब. तोच जंगलात उमलू दिला तर त्याला दुर्गंधी सुटते. शेवळं सुरणाच्या कुळातली, आणि सुरणाच्या फुलोऱ्यालाही सडक्या मांसाचाच वास. पण इथं एक फरक आहे. सुरणाचा फुलोरा माश्या-भुंगेऱ्यांना मांसाचा वास देतो, परागकण त्यांच्या अंगावर चढवतो आणि ज्या मेजवानीसाठी ते आलेले असतात ती त्यांना कधीच मिळत नाही. अळंबीनंही मांसाचा वास देऊन मांस दिलेलं नसतं. पण माशीला ती रिकाम्या पोटी पाठवत नाही. साखरेच्या रूपानं वाहतुकीची मजुरी चोख देते. बोलावणं थोडं फसवं, पण हिशेब सरळ.

माणसांना मात्र हा हिशेब कधी पटलेला नाही. या घराण्यानं माणसाच्या नाकाला आणि लाजेला सारखंच डिवचलं आहे. १५६४ मध्ये हॉलंडमधल्या हॅड्रियानस ज्युनियस या विद्वान डॉक्टरानं समुद्रकाठच्या वाळूच्या टेकड्यांवर उगवणाऱ्या अशा अळंबीवर एक सचित्र पुस्तिका लिहिली. एकाच अळंबीवर लिहिलेलं इतकं जुनं पुस्तक दुसरं क्वचितच असेल. १७५३ मध्ये लिनियसनं तिला जे लॅटिन नाव दिलं त्यातल्या पहिल्या शब्दाचा अर्थ रविवारच्या पुरवणीत फोडून सांगण्याजोगा नाही. तो तिच्या बिनजाळीच्या दांड्याच्या आकारावरून आला, एवढं म्हटलं तरी पुरे. दुसऱ्या शब्दाचा, इम्पुडिकसचा, अर्थ ‘निर्लज्ज’.

या निर्लज्जपणाचा सर्वांत मोठा धसका घेतला तो खुद्द चार्ल्स डार्विनच्या मुलीनं, हेन्रिएटानं. तिची भाची ग्वेन रॅव्हरा हिनं १९५२ मध्ये आपल्या आठवणींचं पुस्तक प्रसिद्ध केलं, त्यात ही हकीकत आहे. एटी आत्या हातात टोपली आणि टोकदार काठी घेऊन, खास हातमोजे आणि अंगरखा चढवून रानात जायची. वासाच्या मागावर राहून या अळंब्या हुडकायची, टोचून टोपलीत भरायची. घरी आणल्यावर दिवाणखान्याचं दार आतून बंद करून त्या गुपचूप शेकोटीत जाळायची. घरातल्या मोलकरणींच्या मनावर भलता परिणाम होऊ नये म्हणून! सजीवांच्या प्रत्येक अवयवाला काहीतरी कारण असतं हे ज्यानं जगाला शिकवलं, त्याच्याच घरातली ही गोष्ट. जाळणारे हात सगळीकडे सारखेच. कुठं कारण लाजेचं, कुठं घाणीचं.

चिन्यांनी मात्र या अळंबीकडे दुसऱ्या बाजूनं पाहिलं. दुर्गंधी फक्त टोपीवरच्या लेपात आहे हे ओळखून त्यांनी टोपी काढून टाकली आणि उरलेला दांडा व जाळी वाळवून सुपात घातली. बांबूची अळंबी म्हणून ती तिथं पूर्वीपासून मानाची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेचे हेन्री किसिंजर चीनच्या भेटीवर गेले तेव्हा सरकारी मेजवानीत त्यांच्यापुढे ती वाढली होती. तोवर ती जंगलातूनच गोळा करावी लागे. १९७९ पासून तिची लागवड होऊ लागली. हे वाचून कुणी टोपली घेऊन रानात निघू नये. रानातल्या अळंब्या ओळखणं हे जाणत्याचं काम आहे. या अळंबीची अंडीसुद्धा दुसऱ्या विषारी अळंब्यांच्या कोवळ्या गोळ्यांसारखी दिसू शकतात. बघावं, हवं तर फोटो काढावा, खाण्याच्या भानगडीत पडू नये.

मावशीच्या परसात तिनं कुणाचं काय बिघडवलं असतं? एका दिवसाची घाण, बस. पण तिच्या खालची बुरशी वर्षभर काय करत होती, हा हिशेब कुणी मांडत नाही. बांबूचं बेट दर वर्षी ढीगभर पानं आणि वाळके सोट टाकतं. हे सगळं तसंच साचत राहिलं असतं तर बेट स्वतःच्याच केरात गुदमरलं असतं. बांबूचा, लाकडाचा चिवट भाग फोडून त्याची माती करणारे कामगार थोडे. त्यांत बुरशा आघाडीवर. जाळीवाली अळंबी ही त्यांतल्याच एका बुरशीची निशाणी. ती दिसली की समजावं, खाली सफाईचं काम चालू आहे आणि बेटाच्या मुळांना खत मिळतं आहे.

हल्ली हा कामगारच बेघर होतो आहे. परसदार ‘स्वच्छ’ दिसावं म्हणून पातेरा काडी न ठेवता झाडला जातो आणि काडी लावून जाळला जातो. अंगणाची जागा फरशी घेते. शहरांतल्या बागांत तर पडलेलं पान दुसऱ्या दिवशी दिसलेलं चालत नाही. ते पिशव्यांत भरून गावाबाहेर जातं, आणि मग आपण दुकानातून खताची पिशवी विकत आणतो. ज्यांच्या पोटात पानांची माती होत होती त्यांना उपाशी ठेवून आपण मातीच विकत घेतो. जे घाण उपसतात त्यांनाच घाणेरडं ठरवून वेशीबाहेर ठेवायचं, ही खोड आपल्या समाजाला नवी नाही. अळंबीच्या बाबतीत आपण तीच पुढं चालवतो इतकंच.

यावर उपाय सोपा आहे. परसाचा, बागेचा, सोसायटीच्या कुंपणालगतचा एक कोपरा झाडायचा नाही. पडलेली पानं, बांबूचा एखादा कुजका तुकडा तिथं राहू द्यायचा. जाळीवाली अळंबी तिथं उगवेलच असं नाही. ती लहरी आहे, तिला ओल आणि सावली लागते. पण तिच्या नात्यागोत्यातलं कुणीतरी येईलच. आणि पुढच्या श्रावणात रानवाटेवर तो वास आलाच, तर रुमाल जरूर लावावा, पण पाऊल उचलायची घाई करू नये. आधी माश्या कुठं जमल्या आहेत ते पाहावं. मुलं बरोबर असतील तर त्यांनाही दाखवावं. जाळी दिसली तर समजावं की सकाळ आहे आणि आपण वेळेवर पोचलो आहोत. दुपारनंतर तिथं पांढरी, उघडी टोपी तेवढी उरलेली असते. बाकीचं सगळं तोवर माश्यांच्या पोटातून रानभर पेरलं गेलेलं असतं.